रिंगच्या कडेवरून : चढता गडी, मुरलेला गडी

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेलो की बॉक्सिंगमध्ये चढता विजेता आणि मुरलेला जुना गडी समोरासमोर आले की मी पैज लावत नाही, चहाचीसुद्धा नाही. त्यावर नेहमीपेक्षा बरीच जास्त पत्रं आली. एका वाचकाने तर विचारलंय, ‘तुम्ही पंच होतात की भटजी? मुहूर्त काढल्यासारखं एवढं जपून का बोलता?’ त्यांचं उत्तर शेवटून दुसऱ्या प्रश्नात आहे. तोवर धीर धरा.

प्रश्न : आम्ही दोघं साडू 2013 च्या फ्लॉइड मेवेदर विरुद्ध कनेलो अल्वारेझ या लढतीवरून अजून भांडतो. मी म्हणतो मेवेदर एकतर्फी जिंकला. साडू म्हणतात, तीनपैकी एका पंचाने बरोबरी दिली, म्हणजे लढत अटीतटीचीच होती. कोण बरोबर? (नाशिक)

साडूंना आधी हिशेब समजावून सांगा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी जिंकणाऱ्याला 10 आणि दुसऱ्याला 9 गुण. कुणी खाली पडला तर साधारण 10-8. त्या रात्री लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये कुणीच पडलं नाही (आपल्याकडे 15 सप्टेंबरच्या रविवारची सकाळ होती, माझ्या हातात पोह्यांची बशी होती). त्यामुळे बारा फेऱ्यांचे आकडे सरळ उलगडतात. क्रेग मेटकाफ यांचे 117-111 म्हणजे नऊ फेऱ्या मेवेदरच्या, तीन कनेलोच्या. डेव्ह मोरेटी यांचे 116-112 म्हणजे आठ-चार. आणि सी. जे. रॉस यांचे 114-114 म्हणजे सहा-सहा.

घरातल्या तीन घड्याळांपैकी दोघांत नऊ वाजलेत आणि तिसरं सहावर अडकलंय, तर आपण ‘आठ वाजले असतील’ असं म्हणतो का? तिसऱ्याचा सेल बघतो. रॉसबाईंनीच आदल्या वर्षी, जून 2012 मध्ये, पॅकियाओ-ब्रॅडली लढतीत ब्रॅडलीला 115-113 दिले होते आणि तेव्हाही गदारोळ झाला होता. मेवेदर-कनेलोनंतर त्या या कामातून बाजूला झाल्या.

पण बाईंना नुसती नावं ठेवून भागत नाही. सहा-सहा दिसू कसं शकतं, ते बघा. कनेलो 23 वर्षांचा, 42 विजय आणि एक बरोबरी, एकही पराभव नाही. मेवेदर 36 चा, 44 पैकी 44. पोरगा सतत पुढे येतोय, बुजुर्ग खांद्याआड हनुवटी लपवून मागे सरकतोय. माणसाचा डोळा पुढे येणाऱ्याकडे जातो. पुढे येतोय म्हणजे मारतोय, असं वाटतं. प्रत्यक्षात कनेलोचे ठोसे दंडावर, खांद्यावर, हवेत जात होते, आणि मागे जाणारा मेवेदर जाता जाता एक टिकवून जात होता. मोजणाऱ्यांच्या आकड्यांत मेवेदरचे 232 ठोसे लागले, कनेलोचे 117. हे आकडे रिंगजवळ बसून बटणं दाबणारी माणसं काढतात आणि निकालात ते धरले जात नाहीत. तरी दुपटीचा फरक नजरचुकीने होत नाही.

आता साडूंच्या बाजूनेही एक बोलतो. जेमतेम जिंकलेली फेरीही 10-9 आणि धुऊन काढलेली फेरीही, कुणी पडलं नाही तर, बहुतेक वेळा 10-9 च. म्हणून एखादा गडी बारा फेऱ्या केसाच्या अंतराने जिंकला तर कागदावर 120-108 दिसेल आणि लोक म्हणतील, किती एकतर्फी! आकडे अटीतटी लपवू शकतात, हे साडूंचं खरं. फक्त या लढतीत लपवण्यासारखं फारसं काही नव्हतं. माझ्या वहीत नऊ-तीन आहे, आणि तेही टीव्हीचा आवाज बंद करून. समालोचक ओरडायला लागले की पेन्सिल आपोआप तिकडे झुकते.

आणखी एक. लढत 152 पौंडांवर ठरली होती. कनेलो ज्या गटाचा विजेता होता, त्याची मर्यादा 154. दोन पौंड म्हणजे किलोभरसुद्धा नाही, पण ज्या पोराला 154 पर्यंत उतरतानाच घाम फुटतो, त्याच्याकडून शेवटचे दोन काढून घेणं म्हणजे विहिरीच्या तळाचं पाणी उपसणं. जुन्या गड्याने पहिली फेरी तिथे, करारावर सही करतानाच जिंकली. तेव्हा साडूंकडून जेवण वसूल करा.

प्रश्न : टोकियोत मेरी कोमने तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या आणि तरी ती हरली. हा कुठला न्याय? (कोल्हापूर)

न्याय आहे, पण तो गळी उतरायला जड आहे. मलाही त्या दिवशी कागद घेऊन बसावं लागलं.

29 जुलै 2021. मेरी 38 वर्षांची, समोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेंसिया, रिओची कांस्यपदक विजेती. ऑलिंपिकमध्ये पाच पंच असतात आणि प्रत्येक जण आपला वेगळा कागद भरतो. पहिल्या फेरीत चार पंचांनी व्हॅलेंसियाला कौल दिला, एकाने मेरीला. दुसरी आणि तिसरी फेरी मेरीने 3-2, 3-2 अशी घेतली. आपण घरी बसून म्हणतो, दोन फेऱ्या आपल्या! पण फेऱ्यांची बेरीज कुणी करतच नाही. प्रत्येक पंच स्वतःच्या तीन फेऱ्यांची बेरीज करतो आणि शेवटी पाच कागदांपैकी जास्त कागद कुणाकडे, ते पाहतात. एकूण पंधरा कौल झाले. त्यातले आठ व्हॅलेंसियाकडे गेले, सात मेरीकडे. कागद तीन विरुद्ध दोन. संपलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटणार नाही, कारण तुमच्याकडे कुस्ती निकाली लागते. पाठ मातीला लागली की वाद नाही. बॉक्सिंगमध्ये निकाली लागली नाही की कागदावर जावं लागतं आणि कागद माणसं भरतात. मेरी निकालानंतरही काही वेळ आपण जिंकलो असंच समजून होती. मला त्यात नवल वाटलं नाही. रिंगमध्ये उभ्या असलेल्याला शेवटची फेरी आठवते. पहिली फेरी फक्त कागदाला आठवते. जुन्या खेळाडूचा घात बहुधा पहिल्या फेरीतच होतो. अंग तापायला वेळ लागतो आणि सामना असतो नऊ मिनिटांचा. बारा फेऱ्यांच्या खेळात म्हाताऱ्याला गरम व्हायला सवड असते, तीन फेऱ्यांत नसते.

प्रश्न : मी कॉलेजात आहे आणि मित्रांमध्ये लढतींचे अंदाज सांगतो. तरुण चॅम्पियन विरुद्ध जुना खेळाडू असला की माझे अंदाज निम्मे चुकतात. नेमकं काय बघावं? (ठाणे)

निम्मे बरोबर येतात म्हणजे नाणेफेकीइतकं जमलंय. इथून पुढे वर जायचं तर एकाच माणसाच्या तीन लढती शिकून घे : अमेरिकन बॉक्सर लॅरी होम्स.

पहिली, 2 ऑक्टोबर 1980, लास व्हेगास. होम्स विजेता, समोर 38 वर्षांचा मुहम्मद अली. होम्सने उमेदवारीत अलीचा सराव-साथीदार म्हणून मार खाल्लेला. अली दोन वर्षं रिंगबाहेर होता, पण वजन उतरवून आला होता, पोट गेलेलं, केस काळेभोर. फोटो पाहून शहाणी माणसं फसली, म्हणाली जुना अली आला. वजन उतरलं होतं ते थायरॉइडच्या गोळ्यांमुळेही, आणि त्याबरोबर अंगातला दमही उतरला होता. दहा फेऱ्या झाल्या, एकही अलीची नाही. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने कोपऱ्यातूनच लढत थांबवली. यातून काय घ्यायचं? आरशात बघून अंदाज सांगायचा नाही. अंग कमावता येतं, पाय येत नाहीत.

दुसरी, जानेवारी 1988, अटलांटिक सिटी. आता होम्स 38 चा आणि समोर 21 वर्षांचा माइक टायसन. होम्स जवळजवळ दोन वर्षं लढलाच नव्हता. चौथ्या फेरीत तीनदा खाली पडला आणि खेळ खलास. अख्ख्या कारकिर्दीत होम्स बाद झाला तो एवढ्या एकाच वेळी.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, काका, मग सोपं आहे, तरुणावर पैज. तिसरी लढत बघ. फेब्रुवारी 1992. होम्स 42 वर्षांचा, समोर रे मर्सर, सोल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, व्यावसायिक कारकिर्दीत अपराजित. होम्स कोपऱ्यात दोरांना पाठ लावून उभा राहिला, मर्सरला बोलावत राहिला, चुकवत राहिला, आणि तिन्ही पंचांच्या कागदांवर जिंकला.

चार वर्षांनी म्हातारा झालेला माणूस जास्त चांगला कसा लढला? एक, या वेळी तो थेट घरातून उठून आला नव्हता, आधीच्या वर्षभरात लहानमोठ्या लढती खेळून अंग मोकळं करून आला होता. दोन, आणि हे मोठं, टायसन कोन बदलत आत शिरणारा होता, मर्सर सरळ रेषेत येणारा. मुरलेल्या गड्याला सरळ येणारा माणूस म्हणजे रोजचा पेपर. वयापेक्षा हे आधी बघ : तरुण गडी पाय हलवून येतो की नुसता चालत येतो?

तुझी निम्मी चूक कुठे होत असेल तेही सांगतो. तू साखळी लावत असशील. 2008 मध्ये सगळ्या जगाने लावली होती. जर्मेन टेलरने बर्नार्ड हॉपकिन्सला 2005 मध्ये दोनदा हरवलं. केली पाव्हलिकने टेलरला दोनदा हरवलं. मग 26 वर्षांचा अपराजित पाव्हलिक 43 वर्षांच्या हॉपकिन्सला खाणार, यात शंका ती कसली? ऑक्टोबर 2008 मध्ये हॉपकिन्सने त्याला 117-109, 119-106, 118-108 असं शिकवलं. पाव्हलिक सरळ येत होता, डाव्या जॅबमागून (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटक्याचा ठोसा) उजवा, पुन्हा डाव्या जॅबमागून उजवा. हॉपकिन्स प्रत्येक वेळी त्याच्या बाहेरच्या बाजूला एक पाऊल सरकत होता. बॉक्सिंगमध्ये ‘अ’ ने ‘ब’ ला मारलं आणि ‘ब’ ने ‘क’ ला, म्हणून ‘अ’ ने ‘क’ ला मारलंच पाहिजे असं नाही. तेवढं सोपं असतं तर आम्ही पंच कशाला?

(‘पंच’ या शब्दाची गंमत बघ. आपल्या भाषेत ठोसा मारणाराही पंच देतो आणि निकाल देणाराही पंच. पोरं मला विचारायची, सर, जास्त लागतो तो कुठला?)

आणि कधीकधी भाकीत बरोबर असतं, तारीख चुकते. 2019 मध्ये निखत झरीनने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून मेरी कोमविरुद्ध निवड चाचणी मागितली. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत ती झाली. 23 ची निखत, 37 ची मेरी. अनेकांना वाटलं, पिढी बदलणार. निकाल 9-1, मेरीकडे. अडीच वर्षांनी इस्तंबूलमध्ये निखत जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा. ज्यांनी 2019 मध्ये तिच्यावर पैज लावली त्यांची पारख खरी होती. पैसे मात्र गेले.

प्रश्न : टायसन विरुद्ध जेक पॉल सामना ठरवून झाला होता का? माझी झोप मोडून पहाटेपासून बसलो होतो. (पनवेल)

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आणि सत्तावीस वर्षांचा माणूस. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, चौदा औंसांचे जाड हातमोजे. निकाल 80-72, 79-73, 79-73. याला भाकीत लागत नाही, जन्मदाखला पुरतो. आणि हा प्रश्न या महिन्याच्या विषयात बसतच नाही, कारण दोघांपैकी चढता विजेता कुणीच नव्हता. झोपेबद्दल सहानुभूती आहे.

प्रश्न : तुम्ही स्वतः पंच म्हणून कधी चुकलात का? खरं सांगा. (डोंबिवली)

हो. भटजीचा प्रश्न विचारणाऱ्यांनीही इथे वाचावं.

1989 सालची गोष्ट. गाव आणि स्पर्धा राहू द्या, माणसं अजून आहेत. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होतो आणि सुट्ट्या जपून ठेवून पंचगिरीला जायचो. भाडं मिळायचं एसटीचं, भत्ता म्हणजे एक वेळचं जेवण. त्या दिवशी अंतिम फेरीला एकोणीस वर्षांचा पोरगा होता, जिल्ह्याचा नवा विजेता, सगळ्या लढती दोन फेऱ्यांत संपवून आलेला. समोर सैन्यातला हवालदार, तिशी ओलांडलेला, नाक दोनदा मोडलेलं. दुपारी चहाला चार जण बसलो होतो. मी बशीत चहा ओतता ओतता म्हणालो, ‘हा पोरगा हवालदाराला दुसऱ्या फेरीत खाली बसवतो बघा.’

तेव्हा आमच्याकडे फेरीला 20 गुणांची पद्धत होती. जिंकणाऱ्याला 20, दुसऱ्याला 19. माझी खुर्ची मंडपाच्या ज्या बाजूला होती, त्याच बाजूला मागे पोराची सगळी तालीम बसलेली. त्याने हात फिरवला की मागून आरडाओरडा. मोज्यावर मोजा आपटला की आवाजही केवढा येतो! फाटकन. नवख्याला वाटतं, लागला. खरा लागलेला ठोसा बरगडीत बसतो तेव्हा आवाज बसका येतो, उशीवर मारल्यासारखा.

मी पोराला 60-57 दिले. तिन्ही फेऱ्या. चिठ्ठ्या गोळा झाल्या तर बाकी चौघांनी हवालदाराला दिलेले.

प्रमुख पंचांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, ‘त्या हवालदाराचा डावा किती वेळा लागला, ते सांगा.’ मला सांगता येईना. पोराचे ठोसे मी ओळीने म्हणून दाखवले असते, पहिल्या फेरीतला उजवा, दुसऱ्यातला हुक, सगळे. हवालदाराचा डावा हात मी नऊ मिनिटांत पाहिलाच नव्हता. दुपारच्या चहाला मी जे बोललो, तेच संध्याकाळी बघत बसलो होतो.

आदल्याच वर्षी सोलला अमेरिकेच्या रॉय जोन्सने 86 ठोसे लावले, समोरच्या कोरियन खेळाडूने 32, आणि सुवर्ण 3-2 ने कोरियाला गेलं. आम्ही सगळ्यांनी त्या पंचांना शिव्या घातल्या होत्या. तो प्रकार इतका गाजला की पुढच्या ऑलिंपिकला यंत्र आलं. पाच पंचांच्या हातात बटणं, आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच गुण. माझ्या खिशात कुणी पैसे ठेवले नव्हते, कुणाचा दबाव नव्हता. तरी कागद तसाच निघाला. म्हणून त्यानंतर सामन्याच्या दिवशी मी चहाला पंचांच्यात बसायचं सोडलं. कुणी विचारलं, काय वाटतं, तर म्हणायचो, पोहे बरे आहेत.

हवालदार मला रात्री मुतारीजवळ भेटला. ओळखलं त्याने. हसला आणि डाव्या हाताने सलाम केला. अजून आठवलं की कान गरम होतात.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिची लढत आहे तीन वर्षं जिल्ह्यात अजिंक्य असलेल्या मुलीशी. सगळे म्हणतात आमची हरणार. आई म्हणून मी काय सांगू तिला? (सांगली)

ताई, हरणार की जिंकणार हे मी सांगणार नाही, वर कारण दिलंय. कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली फेरी वाया घालवू देऊ नका. मेरीचं वाचलंतच. घंटेआधी मागच्या बाजूला तिला घाम फुटेपर्यंत हलतं ठेवा, बाकावर बसवून केस विंचरत बसू नका. समोरची अजिंक्य मुलगी आहे, म्हणजे पंचांनी तिला जिंकताना पाहिलेलं असणार. त्यांनी ते विसरावं अशी अपेक्षा आहे, पण तीही माणसं आहेत. म्हणून तुमच्या मुलीचा ठोसा स्वच्छ दिसला पाहिजे. लांब, सरळ, डावा. जवळ जाऊन दहा गुद्दे घालण्यापेक्षा लांबून लागलेले तीन पंचाला दिसतात.

दमली की मिठी मारायची सवय असेल तर आतापासून मोडा. 2012 मध्ये लंडनला आपल्या विकास कृष्णनने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला 13-11 हरवलं होतं. अमेरिकेने अपील केलं, चित्रफीत पाहिली गेली : शेवटच्या फेरीत नऊ वेळा पकडल्याचं आणि दुसऱ्या फेरीत गमशील्ड (दातांवरचं कवच) मुद्दाम थुंकल्याचं धरलं. निकाल फिरून 15-13, स्पेन्सकडे. जिंकलेली लढत रात्रीतून गेली. तेव्हा गमशील्ड नीट मापाचं करून घ्या. गरम पाण्यात बुडवून दातावर बसवायचं असतं. दुकानातून आणलं तसंच घातलं तर सुटतं.

आणि तुम्ही बघायला जाल तेव्हा पंचांच्या खुर्चीमागे बसून ओरडू नका. ओरडायचंच असेल तर पलीकडच्या बाजूला बसा, तिकडच्या पंचाचा कागदही लागतोच.